वाडीची फॅट कुणी नेली

१

"दार लावून रडायचं न्हाय, रत्ना. दार उघडायचं, आन् जाऊन इचारायचं."

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण अडचणीत त्याचा हा आवाज अजून रत्नव्वाच्या कानाशी येऊन उभा राहायचा. त्या शुक्रवारी सकाळीही आला. तळहातावरच्या लिंगावर तिनं बेलाचं पान वाहिलं, डोळे मिटले, पण चित्त काही लागेना. आतल्या खोलीत लेकाचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. शिवय्या काल संध्याकाळीच नेसरीला बहिणीकडं निघून गेला होता. जाताना दूध संस्थेच्या किल्ल्या त्यानं चेअरमन हंबीररावांच्या टेबलावर ठेवल्या आणि एवढंच म्हणाला, "ज्या हातावर भरवसा न्हाय, त्या हातात किल्ली कशाला?" तेव्हापासून त्याचा फोन बंद.

कळंब्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी. घरटी दोन-तीन म्हशी. शिवय्या नऊ वर्षं संस्थेत टेस्टर, म्हणजे दूध तपासायला होता. कुणी दूध घेऊन आलं की वजन करायचं, छोट्या बाटलीत नमुना घ्यायचा, मशीनला लावायचा. मग मशीन चिठ्ठी काढून देतं, दुधात फॅट किती, म्हणजे लोण्याचा अंश किती. वाडीची म्हैस सातच्या खाली कधी उतरली नव्हती, आणि त्याचा वाडीला मोठा अभिमान. पण गेले पंधरा दिवस सकाळच्या दुधाची फॅट सहावर येऊन बसली होती. एकट्यादुकट्याची नव्हे, जवळजवळ सगळ्यांची.

आधी लोकांनी मशीनला दोष दिला. शहरातून कारागीर आला, त्यानं मशीन उघडून बघितलं, बरोबर असल्याचं सांगून गेला. मग जिभा सुटल्या. पिराजी नावाचा एक मोठ्या आवाजाचा सभासद कॅनजवळ उभा राहून म्हणाला, "फॅट काय भूत खातंय व्हय? मशीनवर कोण बसतंय ते बघा की." त्या दिवसापासून वाडी शिवय्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागली, आणि आता तर तो निघून गेला म्हटल्यावर तोच चोर याबद्दलची उरलीसुरली शंकाही फिटली. रविवारी सभा होती. शिवय्याला कामावरून काढायचं आणि चोर म्हणून त्याचं नाव माईकवरून पुकारायचं, असं ठरल्यातच जमा होतं.

रत्नव्वानं तीर्थ घेतलं. मग दार नुसतं पुढं ओढलं आणि कोल्हापूरची बस धरली.

२

संयोगिताबाई कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. शिवय्या त्यांचा विद्यार्थी. त्यांचं बोलणं घरी सांगताना तो पोट धरून हसायचा. मिसळीच्या हॉटेलात रस्सा वाटेल तेवढा फुकट का मिळतो, असं त्यांनी एकदा वर्गात विचारलं होतं. कुणी म्हणालं दानत, कुणी म्हणालं कोल्हापूरचं मन मोठं. बाई म्हणाल्या, मन मोठं आहेच, पण रस्सा उरला की माणूस पाव मागवतो, आणि पावाचे पैसे पडतात.

कोल्हापुरात त्यांच्या घरी बसून रत्नव्वानं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, बाई विचारतील कुणावर संशय आहे, कुणाशी वैर आहे. तसलं काही त्यांनी विचारलं नाही. आधी विचारलं, संध्याकाळच्या दुधाचं काय? रत्नव्वा म्हणाली, ते ठीक हाय, सातच्या वरच. मग विचारलं, दुधात पाणी असल्याचं मशीन दाखवतं का? रत्नव्वाला लेकाचं बोलणं आठवलं. पाणी न्हाय अव्वा, पाणी असतं तर दुधाची घनता, म्हंजे डिग्री, पडली असती, डिग्री तर उलट केसभर वरच हाय, असं तो चार दिवस स्वतःशीच पुटपुटत होता.

"आणि दूध? मापाला कमी येतंय का?"

"थोडं. पण उन्हाळा लागला की व्हतंयच की."

बाईंनी मान हलवली. देव्हाऱ्यातल्या निरांजनाची वात त्यांनी सारखी केली आणि पाठमोऱ्याच राहून म्हणाल्या, "आता नीट आठवून सांगा, रत्नव्वा. या पंधरा दिवसांत फॅट कुणाची उतरली नाही?"

रत्नव्वानं एकेक घर आठवून बघितलं. एकच नाव होतं. रोज बेल तोडायला, सोमवारी मठात जायला तिच्या सोबत असणारी, बाळंतपणात तिच्या उशाशी बसलेली बायडाबाई. हे नाव परवा सभेत निघालं तर वाडी काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. टेस्टरच्या आईची मैत्रीण. तिचीच तेवढी फॅट बरोबर.

तरीही तिनं नाव सांगितलं. खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम होता.

३

शनिवारी सकाळी बाई वाडीत आल्या. संस्थेच्या फाटकातच त्या थांबल्या. तिथं एक मोठी काळी पाटी टांगलेली. वर रंगीत खडूनं कोयऱ्या काढलेल्या, आणि खाली ठसठशीत अक्षरात: आजचा पहिला मान, श्री. पिराजी.

हंबीरराव पुढं आले. धिप्पाड माणूस, आवाज गल्लीभर जाणारा. पाटीबद्दल विचारल्यावर त्यांची कळी खुलली. त्यांनी सविस्तर सांगितलं ते असं. सकाळी माणसं रमतगमत यायची, टँकर ताटकळायचा, ड्रायव्हर शिव्या घालायचा. दंड लावायचा तर घरातलीच माणसं, तोंडं फिरवणार. मग त्यांनी पाडव्यापासून युक्ती काढली. सकाळी जो सगळ्यात आधी दूध घालील त्याच्या कॅनला हार, पाटीवर नाव, आणि माईकवरून तीनदा पुकारा. दुसऱ्या दिवसापासून वाडी पळत सुटली. आता टँकर पंधरा मिनिटं आधीच हलतो.

"एक रुपाया खर्च न्हाय, बाई. हार बी देवळातला."

"रुपयासाठी माणूस चालतो, मानासाठी पळतो," बाई म्हणाल्या. "मला तीस वर्षं शिकवून जे पोरांच्या गळी उतरवता आलं नाही, ते तुम्ही एका पाटीवर करून दाखवलंत."

त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. त्या खरोखरच पाटीकडं कौतुकानं बघत होत्या. रत्नव्वाला मात्र राग आला. लेकाच्या अब्रूचा प्रश्न आणि ह्या बाई चेअरमनची आरती ओवाळतायत.

मग हंबीररावांनी आपला तर्क सांगितला, रत्नव्वाकडं न बघता. टँकरच्या वेळी डेअरीची माणसंही फॅट तपासतात, ती संस्थेच्या आकड्याशी जुळते. म्हणजे आकडा खोटा नाही, फॅट खरीच जाते. तेव्हा कॅनमधली साय वरच्या वर कुणीतरी काढत असणार आणि मशीनवरही तसाच आकडा आणत असणार. मठातल्या दिव्याला तूप कुणाच्या घरातून जातं, ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

रत्नव्वा पदर आवळून उभी राहिली. बाईंनी शांतपणे विचारलं, सकाळचं दूध किती? सहाशे लिटर. टँकर किती वेळात येतो? फार तर अर्ध्या तासात.

"अर्ध्या तासात गरम दुधावर साय धरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण धरली असं समजू. फॅट सातावरून सहावर आली, म्हणजे शंभरात एक गेली; सहाशे लिटरमागं रोज सहा किलो तूप होतं. पंधरा दिवसांचं नव्वद किलो." बाई वळल्या. "रत्नव्वा, घरी तुपाचे डबे किती?"

"एक. त्योबी अर्धा."

"नव्वद किलो तूप कढवलं तर वास कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाईल, चेअरमनसाहेब. ते विकायला गिऱ्हाईक लागेल, न्यायला गाडी लागेल. हे सगळं करायचं, पकडलं गेलं तर नऊ वर्षांची नोकरी घालवायची, आणि करणारा कोण, तर जो किल्ल्या स्वतःहून ठेवून जातो तो."

हंबीररावांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. ते म्हणाले, "मग नेली कुठं?"

"कुठंच नाही नेली," बाई म्हणाल्या. "वाडीची फॅट वाडीतच आहे."

४

पिराजीच्या गोठ्यात त्या दोघी शिरल्या तेव्हा रत्नव्वाच्या मनात चोर पक्का झाला होता. पिराजीचा भाचा मशीन शिकून बसला होता आणि शिवय्याच्या जागेवर त्याचा डोळा होता. ज्याला लाभ, त्याचा हात. बाईंच्याच पद्धतीनं विचार केल्याचा तिला थोडा अभिमानही वाटला.

पिराजीनं त्या दोघींना बसायला पोतं टाकलं आणि लगेच ऐकवलं, "बाई, तुमचं पुस्तकातलं हितं चालत न्हाय. हितं म्हशीचं राज्य हाय." भाच्याची गोष्ट त्यानं लपवली नाही. उलट, पोरगं हुशार असल्याचं छाती फुगवून सांगितलं. मग बाईंनी त्याची स्वतःची फॅट विचारली आणि पिराजीचा आवाज उतरला. पाच पॉइंट नऊ. वाडीत सगळ्यात कमी.

रत्नव्वाचा तर्क तिथंच कोसळला. दुसऱ्याची जागा बळकावायला माणूस शेजाऱ्याचं घर पेटवील, पण आपलंच आधी पेटवणार नाही.

बाईंचं लक्ष कोपऱ्यात होतं. तिथं म्हशीचं लहान रेडकू मलूल बसलेलं, शेपटी घाण झालेली. पिराजीची बायको शालूबाई त्याला डाळिंबाच्या सालीचं पाणी पाजत होती.

"हगवण?"

"व्हय. अंगानं गुबगुबीत हाय बघा, पर पोट थांबंना." शालूबाई हळू बोलत होती. "निम्म्या वाडीतली रेडकं अशीच हायत."

"धार तुम्ही काढता की हे?"

"मीच काढत्ये." तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं. "म्हंजे, आदी नीट काढत हुते."

पिराजी खाकरला. शालूबाईनं मान खाली घातली, आणि बाईंनी पुढं काही विचारलं नाही.

बायडाबाई आपल्या अंगणात पाय पसरून बसली होती. सगळी हकिकत तिच्या कानावर आधीच आली होती. तिनं बाईंना बघून हाक मारली, "या पावणं. फॅट चोरलेली म्हातारी बघाय आलाय न्हवं? बघा, कुठं लपवली हाय ती."

बाई हसल्या आणि तिच्या शेजारी खालीच बसल्या. तिची फॅट सात पॉइंट दोनच कशी राहिली, असं विचारल्यावर म्हातारीलाही सांगता येईना. ती रोज सगळ्यात शेवटी दूध घालायची. पोरं तिला टँकरचं शेपूट म्हणायची.

"तुम्हाला नाही का वाटत, एकदा तरी आपलं नाव पाटीवर यावं?"

"गुडघं चालत्यात का मला पळाय? आन् म्हस काय कुणाची सून हाय व्हय, उरका उरका म्हटलं की उरकाय? ती पान्हा सोडंल तवा सोडंल. शेवटचा थेंब येस्तवर मी उठत न्हाय." म्हातारीनं पाय जवळ घेतले. "माझ्या सासूनं तसंच शिकवलंय."

बाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग उठून रत्नव्वाला म्हणाल्या, "उद्या पहाटे मला हंबीरराव पिराजीच्या गोठ्यात हवेत. आणि मशीनवर पिराजीचा भाचा."

"त्योच? त्यो तर शिवय्याच्या वाइटावर."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "शिवय्या निर्दोष निघाला तर ज्याचं नुकसान, त्याच्या हातून निघालेल्या आकड्यावर कोण शंका घेईल?"

५

रविवारी दूध घालून झालं तरी कुणी घरी गेलं नाही. संस्थेच्या अंगणात सगळी वाडी दाटली होती, बायकासुद्धा. टेबलावर दोन चरव्या होत्या, एक मोठी, एक छोटी. हंबीररावांनी उठून सांगितलं की हे दोन्ही दूध पिराजीच्या एकाच म्हशीचं, पहाटे शालूबाईनं त्यांच्या डोळ्यांदेखत काढलेलं, आणि तेव्हापासून चरव्या त्यांच्याच हातात आहेत.

भाच्यानं मोठ्या चरवीतला नमुना लावला. चिठ्ठी आली. पाच पॉइंट नऊ. लोक कुजबुजले. रोजचाच आकडा.

त्यानं छोट्या चरवीतला नमुना लावला. चिठ्ठी हातात घेऊन तो ती उलटसुलट करून बघायला लागला. पिराजी ओरडला, "वाच की लेका."

"अकरा पॉइंट चार, मामा."

मग बाईंनी दोन्ही चरव्या एकत्र करायला लावल्या. तिसरी चिठ्ठी निघाली. सात पॉइंट एक. पाडव्याच्या आधीची वाडी.

"म्हशीचं पहिलं दूध पातळ असतं, आणि शेवटचं दाट," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, म्हणून लोक पुढं सरकले. "हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. छोट्या चरवीत आहे ती शेवटची धार. पाडव्यापासून ती चरवीत पडतच नाही. मानासाठी घाई होते. चरवी बरीचशी भरली की घरचा कर्ता ती बाईच्या हातातून ओढून घेतो आणि फाटकाकडं पळतो. मागं राहिलेलं दाट दूध रेडकू पितं. म्हणून रेडकं गुबगुबीत झाली, आणि म्हणूनच त्यांची पोटं बिघडली. मान फक्त सकाळी आहे, म्हणून संध्याकाळचं दूध चांगलं. पाणी कुणी घातलं नाही, म्हणून डिग्री पडली नाही. आणि बायडाबाई पळत नाहीत, म्हणून त्यांची फॅट जागच्या जागी."

कुणीतरी म्हणालं, असं असतं तर कळलं नसतं का एवढ्या जणांना?

"प्रत्येकाला आपापली घाई माहीत होती. पण एकट्या माझ्या शेरभर दुधानं काय होतंय, असं प्रत्येकालाच वाटत होतं. आणि मान मिळालेल्या माणसाला, मी धार अर्धी सोडली, हे चारचौघांत म्हणता येतं का? त्यापेक्षा शिवय्याला चोर म्हणणं सगळ्यांना स्वस्त पडलं." बाई क्षणभर थांबल्या. "यात लबाड कुणीच नाही. वाडी मानी आहे, एवढंच. हंबीररावांची पाटी फसली नाही, ती फार चांगली चालली. त्यांनी लवकर या म्हटलं, तुम्ही लवकर आलात. पुरं काढून या, असं पाटीवर लिहिलेलंच नव्हतं."

पिराजीनं मान वर केली नाही. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून शालूबाई बोलली. नवऱ्यासमोर, चारचौघांत, बहुधा पहिल्यांदाच.

"आमाला सगळ्यास्नी ठावं हुतं. रोज सकाळी धार तुटत्या म्हणून जीव तुटायचा. पर आमाला कुणी इचारलंच न्हाय."

बायडाबाईनं मागून आवाज दिला, "आता तरी मान म्हशीला द्या रं," आणि दाबून धरलेलं हसू अंगणभर फुटलं. त्या हसण्यात पिराजी उठला, रत्नव्वासमोर आला आणि वाकून तिच्या पायाला हात लावून परत आपल्या जागी जाऊन बसला. रत्नव्वानं त्याला अडवलं नाही. आशीर्वाद मात्र तिच्या तोंडून आपसूक गेला.

हंबीरराव उभेच होते. नियम त्यांचा, युक्ती त्यांची, आणि शिवय्याकडं बोट त्यांच्याही टेबलावरून गेलेलं. सगळ्या वाडीचे डोळे त्यांच्यावर होते.

"अव्वा," ते रत्नव्वाला म्हणाले, "फोन लावून बोलवणं बरं दिसायचं न्हाय. मी सोता जाऊन त्येला घिऊन येतो. हा माझा शब्द."

लगेच चौघंजण सरसावले. जीप काढू, हार घेऊ, हलगी नेऊ, वाजत गाजत आणू. हंबीररावांनी कुणाला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पाटीवर पुढं काय लिहायचं यावर मग तासभर वाद चालला. बाईंनी त्यात एकच सांगितलं, काय लिहाल ते आधी घरातल्या बायकांना वाचून दाखवा. आणि दुपारच्या बसनं त्या निघाल्या. रत्नव्वानं त्यांच्या ओटीत दोन मुठी तांदूळ आणि खण घातला. देवानं बाईंना अशी बुद्धी दिली आणि वर इतकं गोड बोलणंही दिलं, या नवलात ती बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभी राहिली.

सोमवारी पहाटे ती अंगणात सडा टाकायला आली तेव्हा पूर्वेला नुसतं फटफटलं होतं. गल्लीत कसलासा खरखर आवाज आला. हंबीरराव मोटरसायकल ढकलत येत होते. इंजिन बंद. डोक्याला फेटा नव्हता, साधी टोपी होती. जीप नव्हती, हार नव्हता, सोबत माणूस नव्हतं. त्यांना ती दिसली नसावी. तिनंही हाक मारली नाही, हातातला तांब्या छातीशी धरून दारामागं सरकली.

पिराजीच्या घरापुढून जाताना त्यांनी गाडी आणखी हळू केली. भारी गाडी, माणूस साठीचा, चढावर दोनदा थांबले, धाप लागली, पण किक मारली नाही. वाडी झोपेतच राहावी, माफी मागायला आपण एकट्यानंच जावं, असं त्यांच्या मनात असावं. पार गारगोटीच्या रस्त्याला लागल्यावर, घरं मागं पडल्यावर, त्यांनी टोपी सारखी केली, किक मारली, आणि नेसरीच्या वाटेला लागले.